दिवाणखान्यातली टॉकीज

गेल्या दिवाळीत (२०२५) आमच्या आतेभावाने बीड बायपासकडील आपल्या नव्या घरात एक यंत्र आणले आणि पाडव्याच्या संध्याकाळी सगळ्या नातलगांना फराळाबरोबर सिनेमाचेही आमंत्रण दिले. ‘घरच्या थिएटरात या’ असे त्याने कळवले होते, त्यामुळे मी बरीच अपेक्षा बाळगून गेले. पाहते तो काय, दिवाणखान्यात भिंतीला लागून एक बुटके कपाट, त्यावर हार्मोनियमहून थोडा लहान असा पांढरा डबा, आणि वर भिंतीवर ताणून बसवलेला करड्या रंगाचा पडदा. प्रोजेक्टर म्हटला की तो पाठीमागे, उंचावर असायचा आणि त्याचा झोत आपल्या डोक्यावरून जायचा, हे आपण लहानपणापासून पाहत आलो. येथे तो पडद्याच्या पायाशीच बसलेला! दादाने रिमोटचे बटण दाबले मात्र, डब्यातून प्रकाश तिरपा वर गेला आणि सव्वासात फूट रुंद, चार फूट उंच चित्र भिंतीवर लखकन उभे राहिले. घरातली दोन पोरे लगेच पडद्यासमोर नाचू लागली, तरी त्यांची सावली कुठे पडेना. त्यामुळे ती बिचारी हिरमुसली.

यंत्राचे नाव अल्ट्रा शॉर्ट थ्रो लेसर प्रोजेक्टर. हे नाव उच्चारताना आमच्या आत्याची जीभ तीनदा अडखळली आणि शेवटी तिने त्याचे ‘पायथ्याची मशीन’ असे बारसे करून टाकले. या लेखात मीही अधूनमधून तेच नाव वापरणार आहे. वाचकांनी चालवून घ्यावे.

पण लेख लिहावासा वाटला तो आमच्या आजोबांमुळे. आबा १९६८ पासून २०१० पर्यंत, म्हणजे बेचाळीस वर्षे, तेव्हाच्या औरंगाबादेत जुन्या शहरातील एका टॉकीजमध्ये ऑपरेटर होते. (टॉकीज आता नाही, त्या जागेवर मोटारी लावतात.) कार्बनच्या दोन कांड्या समोरासमोर धरून त्यांच्यामध्ये विजेची ज्योत पेटवायची, कांड्या जळत जातील तसतसे त्यांच्यातले अंतर सांभाळायचे, अंतर चुकले की पडदा पिवळा पडतो आणि खालून शिट्ट्या सुरू होतात. दोन हजार फुटांचे रीळ बावीस मिनिटे चाले. ते संपत आले की पडद्याच्या उजव्या वरच्या कोपऱ्यात क्षणभर एक टिपका दिसतो. दुसरा टिपका दिसताच शेजारच्या मशीनवर बदली करायची. ही बदली प्रेक्षकाला कळता कामा नये, यातच ऑपरेटरची अब्रू. पुढे कार्बनच्या जागी झेनॉनचा दिवा आला, मग रिळेच गेली आणि उपग्रहावरून सिनेमा उतरू लागला. आबा घरी बसले. त्यानंतर त्यांनी एकाही थिएटरात पाऊल टाकलेले नाही. रागावले म्हणा, रुसले म्हणा.

तर त्या संध्याकाळी सगळे सोफ्याकडे धावले आणि आबा सरळ डब्याकडे गेले. गुडघे मोडून खाली बसले आणि पहिला प्रश्न विचारला, “थ्रो किती?”

दादाने पुस्तिकेत पाहून सांगितले, “पॉइंट पंचवीस.”

आबा थोडा वेळ गप्प बसले. या आकड्याचा अर्थ आम्हा कला शाखेच्या मंडळींना समजावून सांगितला पाहिजे. चित्राच्या रुंदीला जितक्या पटीने दूर भिंग ठेवावे लागते तो आकडा म्हणजे थ्रो. आपल्या वर्गांत छताला टांगलेल्या साध्या प्रोजेक्टरचा थ्रो दीडच्या आसपास धरला, तर सव्वासात फुटांच्या चित्रासाठी तो जवळजवळ अकरा फूट मागे हवा. पॉइंट पंचवीस म्हणजे पावणेदोन-दोन फूट! आणि हे अंतर भिंगापासूनचे. डब्याची पाठ तर भिंतीपासून वीत-दीड वीत अंतरावर. एवढ्या जवळून एवढे मोठे चित्र पडते ते आत बसवलेल्या वक्र आरशामुळे. भिंगांतून आलेले चित्र या आरशावर आदळते, तेथून फाकते आणि तिरपे वर चढते. त्याआधी ते घडते एका नखाएवढ्या चकतीवर. अमेरिकेतील टेक्सास इन्स्ट्रुमेंट्स या कंपनीत लॅरी हॉर्नबेक यांनी १९८७ साली ही चकती शोधून काढली. घरगुती यंत्रांत जी नेहमी वापरतात तिच्यावर वीस लाखांहून अधिक सूक्ष्म आरसे असतात आणि प्रत्येक आरसा सेकंदाला हजारो वेळा इकडून तिकडे कलतो. दिव्याऐवजी लेसर. कंपन्या त्याचे आयुष्य वीस हजार तास सांगतात; रोज चार तास चित्र पाहिले तरी तेरा-चौदा वर्षे होतात. तोवर तेज निम्म्यावर येते, एवढेच. आबांच्या कार्बनच्या कांड्या एका खेळातच संपायच्या.

“वीस हजार तास,” आबा म्हणाले, “आणि ऑपरेटर कुठे बसतो?” या प्रश्नावर सगळे हसले. मला मात्र हसू आले नाही.

आता भिंतीविषयी. दादाने सुरुवातीला पडदा घेतलाच नव्हता. भिंत पांढरी आहे, पुट्टी मारलेली आहे, मग वेगळा पडदा कशाला, असा त्याचा हिशेब. पहिल्याच रात्री श्रेयनामावलीच्या ओळी सापासारख्या वळवळू लागल्या. याचे कारण समजून घ्यायला आपल्याला फार लांब जायला नको. अजिंठ्याच्या पहिल्या लेण्यात गाभाऱ्यातील बुद्धमूर्तीजवळ वाटाड्या दिवा एका बाजूने धरतो, मग दुसऱ्या बाजूने, मग समोरून, आणि मूर्तीचा भाव दर वेळी वेगळा दिसतो. शाळेच्या सहलीत हे आपण सर्वांनी पाहिले आहे. तोच दिवा भिंतीला अगदी लगटून धरला तर चित्रांखालचा माती-भुशाचा गिलावाही उठून दिसतो, प्रत्येक फुगवटा आणि प्रत्येक खड्डा. समोरचा उजेड भिंतीचे दोष झाकतो, तिरपा उजेड ते उघडे पाडतो. पायथ्याच्या मशीनचा सगळा उजेड तिरपाच. त्यामुळे गवंड्याने कुठे हात आखडला हे तिने पहिल्याच दिवशी सांगून टाकले.

मग दादाला खास पडदा घ्यावा लागला. त्यावर करवतीसारख्या अतिशय बारीक आडव्या धारा असतात. खालून येणारा उजेड धारेच्या एका बाजूवरून आपल्याकडे परततो, छतावरच्या दिव्याचा उजेड दुसऱ्या काळ्या बाजूत जिरतो. युक्ती मोठी सुरेख आहे, पण साठ हजारांची. यंत्र सव्वादोन लाखांचे. २२ सप्टेंबर २०२५ पासून प्रोजेक्टरवरचा जीएसटी अठ्ठावीसवरून अठरा टक्क्यांवर आला, म्हणून ‘स्वस्तात पडले’ असे दादा पुन्हा पुन्हा सांगत होता. आमच्या घरात ज्या वस्तूला ‘स्वस्तात पडली’ म्हणतात ती सहसा महागच असते. असो.

आत्याच्या इच्छेवरून ‘संत तुकाराम’ लावायचे ठरले. प्रभातचा १९३६ सालचा, दामले-फत्तेलाल यांनी दिग्दर्शित केलेला आणि १९३७ साली व्हेनिसच्या महोत्सवात गौरवला गेलेला हा चित्रपट आत्याने लहानपणी आबांच्या केबिनमध्ये स्टुलावर बसून, भिंतीतल्या चौकोनी भोकातून पाहिला होता. गेली सहा-सात वर्षे तिचे गुडघे जिने चढू देत नाहीत. तेव्हा मोठ्या पडद्यावर तो पुन्हा पाहायला मिळणार म्हणून ती सकाळपासून खुशीत होती.

आणि मग जे झाले ते असे. पंधरा माणसे, हातात चिवड्याच्या बश्या, म्हणून ट्यूबलाइट चालू. प्रोजेक्टरला काळा रंग फेकता येत नाही, ही गोष्ट फार थोड्यांच्या ध्यानात असते. काळा म्हणजे जेथे प्रकाश टाकलेला नाही ती जागा. खोलीत दिवा असला की ती जागा करडी होते. पडदा कितीही चांगला असो, तुकोबांच्या घरातली रात्र राखेच्या रंगाची झाली. जुन्या चित्राची चौकट आजच्यापेक्षा चौकोनी, त्यामुळे दोन्ही बाजूंना करड्या पट्ट्या. दहाव्या मिनिटाला शेजारी आले, दादाने चित्र थांबवले. विसाव्या मिनिटाला चहा आला, थांबवले. पुण्याच्या मावशींचा व्हिडिओ फोन आला, थांबवले, आणि त्यांना फोनमधून पडदा दाखवला. चौथ्यांदा कशासाठी थांबवले ते मला आठवत नाही. आबांनी बेचाळीस वर्षांत चालू चित्र थांबवले ते फक्त वीज गेली किंवा फिल्म तुटली तेव्हा. ते उठले आणि गच्चीवर गेले. मी मागोमाग.

“मशीन एक नंबर आहे,” ते म्हणाले. “आम्हाला असं मिळालं असतं तर कार्बनचा धूर खावा लागला नसता. पण पिक्चर चालू असताना दिवा लावायचा नसतो, एवढं त्या पुस्तिकेत छापलेलं नसतं का गं?”

येथे वाचकांना वाटेल की ही मुलगी आता जुने ते सोने म्हणणार. तसे नाही. साडेदहाला पाहुणे गेले. आत्याने स्वतः उठून दिवे मालवले, आणि आत्या, आबा व मी असे तिघांनी राहिलेला चित्रपट शेवटपर्यंत पाहिला. तेव्हा त्या पडद्यावर जे दिसले त्याला मी सिनेमाच म्हणेन. आत्या मधूनमधून पदर डोळ्यांना लावत होती. ज्या माणसाला जिना चढता येत नाही, तिकीट परवडत नाही किंवा जुना चित्रपट कुठल्याच थिएटरात लागत नाही, त्याच्यासाठी हे यंत्र मोठी सोय आहे. यंत्राने आपले काम चोख केले होते. आमच्या माणसांनी केले नव्हते. पाडव्याला जो दिवा लागलेला असतो, जो चहा येतो, जो शेजारी डोकावतो, ते सगळे घराचे गुणच आहेत. घराचे दार उघडे असावे आणि दिवा लागलेला असावा. मग अशा जागेत अंधार आणि दोन तासांची गप्प बैठक कुठून आणायची? माझे म्हणणे एवढेच की पायथ्याची मशीन चुकीच्या खोलीत जाऊन बसते आहे.

आपल्या शहराने हा प्रकार पूर्वी एकदा पाहिला आहे. पैठण रस्त्यावरील चितेगावला व्हिडिओकॉनचा कारखाना उभा राहिला आणि ऐंशी-नव्वदच्या दशकांत देशभरातील दिवाणखान्यांत गेलेले कितीतरी रंगीत संच आपल्या जिल्ह्यातून निघाले. आमचे आतोबा तेथे कामाला होते. १९८२ च्या आशियाई खेळांबरोबर देशात रंगीत दूरदर्शन आले, १९८७ च्या जानेवारीत ‘रामायण’ मालिका सुरू झाली, आणि आतोबांच्या भाड्याच्या दोन खोल्यांत रविवारी सकाळी चाळीस माणसे बसत. जागा पुरेना म्हणून संच खिडकीत ठेवून त्याचे तोंड अंगणाकडे करत. आत्या सांगते, शेजारपाजारच्या बायका आधी अंगण झाडून, सडा टाकून जात. पुढे प्रत्येक घरात संच आला, मग प्रत्येक खोलीत, आता प्रत्येक हातात. ज्या वस्तूने गल्ली जमवली तिनेच ती पांगवली. २०१८ मध्ये ती कंपनी दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेली. दादाच्या नव्या डब्याखालच्या पट्टीवर चीनचे नाव आहे. आतोबांनी चष्मा लावून ते वाचले आणि काही बोलले नाहीत.

खरे तर भिंतीवर उजेडाने चित्र पाडण्याचा उद्योग मराठी माणसाला नवा नाही. लुमिएर बंधूंची हलती चित्रे ७ जुलै १८९६ रोजी मुंबईच्या वॉटसन हॉटेलात दाखवली गेली. त्याआधीपासून कल्याणचे महादेव गोपाळ पटवर्धन जादूचा कंदील घेऊन खेळ करत होते. काचेवर हाताने रंगवलेली चित्रे, त्यामागे दिवा, आणि त्याला दिलेले भारदस्त नाव, ‘शांभरिक खरोलिका’. (आत्याला हे नाव सांगितले तेव्हा तिने ‘अल्ट्रा शॉर्ट थ्रो’ला माफ केले.) त्यानंतरच्या काळात जत्रेतल्या तंबूंत सिनेमा फिरला. शर्ली अब्राहम आणि अमित मधेशिया यांनी महाराष्ट्रातील या फिरत्या टॉकीजवर ‘द सिनेमा ट्रॅव्हलर्स’ हा माहितीपट केला. २०१६ साली कान महोत्सवात त्याची विशेष दखल घेतली गेली. रिळाची जुनी यंत्रे जाऊन तंबूत डिजिटल प्रोजेक्टर कसा आला, हे त्यात दिसते. यंत्र बदलले तरी माणसे जमिनीवर बसून वर पाहत राहतात. कंदील असो, तंबू असो, चित्राला गर्दी लागते, आणि ती गर्दी अंधारात बसायला तयार असावी लागते.

म्हणूनच आता आपल्या महाविद्यालयाविषयी लिहिते. प्राध्यापक मंडळींनी रागावू नये. आपले चित्रपट मंडळ दोन वर्षांपासून झोपले आहे. छताला टांगलेल्या प्रोजेक्टरचा दिवा गेला, नवा आला नाही, एवढे साधे निमित्त. जिल्ह्याच्या नावाने अजिंठा-वेरूळ आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव भरतो, आपल्यातले पुष्कळजण रांगा लावून जातात, जगातले चित्रपट अनोळखी माणसांच्या मांडीला मांडी लावून पाहतात आणि आठवडाभर कँटीनमध्ये तावातावाने बोलतात. महोत्सव चार-पाच दिवसांचा. उरलेल्या तीनशे साठ दिवसांत आम्ही तेच चित्रपट मोबाइलवर, दीडपट वेगाने, जेवताना पाहतो आणि परीक्षेत ‘चित्रपट आणि साहित्य’ यावर वीस गुणांचे उत्तर लिहितो.

विद्यार्थी मंडळाच्या निधीतून मोठा स्पर्शपट घ्यावा, असा विचार चालू असल्याचे ऐकते. दिवे लावून शिकवायच्या वर्गात तो उत्तम. याबाबत माझा वाद नाही. पण पंचाहत्तर इंची स्पर्शपटापेक्षा एकशेवीस इंची चित्राचे क्षेत्रफळ अडीचपट भरते, आणि मागच्या बाकावरच्या मुलीला उपशीर्षके वाचता येणे हा शेवटी क्षेत्रफळाचाच प्रश्न आहे. शिवाय पायथ्याच्या मशीनची ही जात घरांत शिरली ती अलीकडे. त्याआधी ती शाळांच्या वर्गांतच वापरात होती. शिकवणाऱ्याने फळ्यासमोर उभे राहावे, चित्राकडे बोट दाखवावे, आणि त्याची सावली चित्रावर पडू नये, डोळ्यांत झोत जाऊ नये, हीच अडचण तिथे सोडवायची होती. म्हणजे वर्गात आणणे हे तिला माहेरी आणण्यासारखेच आहे.

मर्यादाही सांगते, नाहीतर आमचे अर्थशास्त्राचे सर मला सोडणार नाहीत. अशा यंत्राचे चित्र एकशेवीस इंचांपलीकडे फारसे ताणू नये, तेव्हा मोठ्या सभागृहासाठी ते नाही. पन्नास-साठ जणांची खोली एवढीच त्याची ऐपत. खिडक्यांना जाड पडदे शिवावे लागतील. डब्यावर धूळ साचते आणि आपल्याकडे धुळीला तोटा नाही. डब्यावर वाकून थेट भिंगात पाहू नये. कोणी फार जवळ गेले की उजेड आपोआप मंद होण्याची सोय बहुतेक यंत्रांत असते, तरीही. आणि पैसे लागतील. पण दादाच्या घरातले दोन लाख पंच्याऐंशी हजार वर्षातून किती संध्याकाळी, किती डोळ्यांसाठी खर्ची पडतात, हा भागाकार एकदा कोणीतरी करून पाहावा. तोच भागाकार आमच्या वर्गासाठीही करावा. दर शनिवारी पन्नास जण धरा.

परवानगीचा मुद्दा एका प्राध्यापकांनी काढला होता. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात, शिक्षणसंस्थेच्या उपक्रमात विद्यार्थी, शिक्षक, पालक आणि संस्थेच्या कामाशी संबंधित मंडळी एवढ्यांपुरता चित्रपट दाखवला तर तो हक्कभंग मानत नाहीत. तिकीट लावून गावाला बोलवायचे आपल्या मनातही नाही. पालकांना बोलावता येते, हे मात्र मला फार आवडले. आजोबा पालकांत धरतात की नाही, हे कार्यालयात विचारून ठेवले आहे.

दोन नियम मी आताच सुचवून ठेवते. खेळ सुरू झाला की दिवा लागणार नाही, आणि रिमोट एकाच माणसाच्या हाती राहील व तो माणूस चित्र थांबवणार नाही. मुख्याध्यापक येवोत, प्राचार्य येवोत, चहा येवो.

अर्जावर आजवर एकसष्ट सह्या झाल्या असून तो प्राचार्यांच्या टेबलावर आहे. मागच्या शनिवारी मी आबांना वर्ग दाखवायला घेऊन आले. फळ्याच्या बाजूची भिंत त्यांनी हाताने चाचपली, खिशातून सुतळी काढली, एक टोक मला धरायला लावले आणि एक डोळा मिटून बराच वेळ पाहत राहिले. मधोमध बोटभर फुगवटा आहे म्हणाले. यंत्राच्या आधी गवंडी बोलवा.